गावातल्या ज्येष्ठांसाठीच्या व्यायाम-संशोधनात आईने सहभागी व्हावे का?

खालचीवाडी

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची एक विद्यार्थिनी मागच्या पंधरवड्यात येऊन गेली. तिच्या प्रबंधासाठी तिला साठीच्या पुढची, स्वतःच्या पायांनी हिंडणारी-फिरणारी माणसे हवी आहेत. ज्यांची नावे नोंदली जातील त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट होतील. एका गटाकडून बारा आठवडे पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करून घेतले जातील. दुसऱ्या गटाला त्याच काळात आहार, रक्तदाब, डोळ्यांची काळजी यांची माहिती दिली जाईल आणि सगळे संपल्यावर त्यांनाही व्यायाम शिकवले जातील. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही गटांच्या सारख्याच चाचण्या होतील: चार मीटर चालणे, हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठणे आणि एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून उभे राहणे.

माझी आई ७१ वर्षांची आहे आणि वर्षाचा बराच काळ एकटी राहते. घर उतारावर आहे, रस्ता वर आहे, आणि मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत तिने वर जाणे जवळजवळ सोडले, त्यामुळे बाजार, बँक आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या सवडीवर आल्या. तिला नाव द्यावेसे वाटते. वाडीतले काही वडीलधारे मात्र म्हणतात की आपल्यावर प्रयोग कशाला करून घ्यायचे, आणि दुसऱ्या गटात चिठ्ठी निघाली तर तीन महिने फुकटच जाणार. मी मुंबईत नोकरीला असल्यामुळे तिला जे सांगायचे ते फोनवरूनच सांगावे लागेल, म्हणून आधी स्वतः नीट समजून घ्यायचे आहे.

या वयात अशा व्यायामाचा उपयोग खरोखर सिद्ध झालेला आहे का? एका गटाला व्यायाम न देण्याचे कारण काय? आणि सही करण्याआधी नेमके काय पाहावे? ज्यांचा या विषयाशी संबंध आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चिपळूणची_फिजिओ

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या मनात तो असतो आणि "आता वय झाले, जपून बसा" या एका वाक्याने तो बहुतेक घरांत मिटवला जातो.

वयामुळे स्नायू झिजतात हे खरे आहे, पण नव्वदीतला स्नायूसुद्धा ताण दिल्यावर प्रतिसाद देतो, हे १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. संस्थेत राहणाऱ्या, सरासरी नव्वद वर्षांच्या १० अशक्त वृद्धांकडून त्यांनी ८ आठवडे मांडीच्या स्नायूंचा भारी वजनाचा व्यायाम करून घेतला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, म्हणून १९९४ साली त्यांनीच १०० जणांवर दुसरा अभ्यास केला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. व्यायाम केलेल्यांची ताकद १० आठवड्यांत ११३ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला आणि जिना चढण्याची शक्ती २८ टक्क्यांनी वाढली. व्यायाम न केलेल्यांची ताकद ३ टक्केच वाढली, वेग तर किंचित कमी झाला. नुसता पौष्टिक आहार देऊन यातले काही साधले नाही. हा शेवटचा भाग मी मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे मुले गावी येताना प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणतात आणि आई-वडिलांना खुर्चीवरून हलू देत नाहीत.

हे अभ्यास संस्थेत राहणाऱ्यांवरचे होते. आपल्या आईंसारख्या, घरी राहणाऱ्या पण चालणे मंदावलेल्या माणसांसाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास म्हणजे अमेरिकेतला 'लाइफ'. त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आठ केंद्रांमधून ७० ते ८९ वयाची १,६३५ माणसे त्यात घेतली होती आणि सरासरी २.६ वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. एका गटाने चालणे, पायांची ताकद, तोल आणि लवचिकता यांचे व्यायाम केले. आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे उद्दिष्ट होते. दुसऱ्या गटाला आरोग्याची माहिती आणि थोडे हात ताणण्याचे प्रकार दिले गेले. मोजले काय? तर ४०० मीटर अंतर १५ मिनिटांत, न बसता आणि दुसऱ्याचा आधार न घेता चालता येते की नाही. काठी चालत होती, वॉकर नाही. व्यायाम करणाऱ्यांपैकी ३०.१ टक्के लोकांची ही क्षमता कधी ना कधी गेली. माहितीच्या गटात हे प्रमाण ३५.५ टक्के होते. शंभरात पाच जणांचा हा फरक काहींना थोडा वाटेल. मला तो थोडा वाटत नाही, कारण ही सगळी माणसे आधीच उताराला लागलेली होती आणि त्या पाच जणांपैकी प्रत्येकाचे घराबाहेर पडणे त्यावर अवलंबून होते.

सुरक्षिततेबद्दलही सांगायला हवे. रुग्णालयात दाखल होण्यासारख्या गंभीर घटना व्यायामाच्या गटात ४९.४ टक्के लोकांच्या बाबतीत आणि दुसऱ्या गटात ४५.७ टक्के लोकांच्या बाबतीत नोंदल्या गेल्या. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतकाच आहे, पण तो शून्य असल्याचे कुणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. आकडे मोठे दिसतात, कारण त्या वयात अडीच वर्षांत निम्म्या लोकांना काही ना काही होतेच.

पडण्याच्या बाबतीत कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधक-संघटनेचा २०१९ चा आढावा आहे. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरचे १०८ अभ्यास आणि २३ हजारांहून अधिक माणसे त्यात एकत्र केली आहेत, आणि व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटते असा निष्कर्ष आहे. त्यातही तोल आणि रोजच्या हालचालींवर आधारलेले व्यायाम उपयोगी ठरले. ही विद्यार्थिनी ज्या प्रकारचे व्यायाम देणार आहे ते याच जातीचे दिसतात.

निवृत्त_शिक्षक_रत्नागिरी

मी आयुष्यभर गणित आणि थोडे संख्याशास्त्र शिकवले, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. दुसऱ्या गटात जाणे म्हणजे फुकट जाणे ही समजूत दूर झाली नाही, तर खेडेगावात कोणताही चांगला अभ्यास उभा राहणार नाही, असे मला कळकळीने वाटते.

आपल्याच किनाऱ्याचे उदाहरण घेऊ. समजा, एकच गट आहे आणि सर्वांना व्यायाम दिला. पहिली मोजणी आषाढात झाली. पाखाडीवर शेवाळ आहे, अंगणात चिखल आहे, माणसे महिनाभर बिचकत पावले टाकत आहेत, सांधे आखडले आहेत. बारा आठवड्यांनी, आश्विनात, दुसरी मोजणी झाली. वाटा सुकल्या आहेत आणि गणपतीला मुले-नातवंडे येऊन गेल्यामुळे घरातला वावरही वाढला आहे. सगळेच थोडे वेगाने चालतील आणि श्रेय व्यायामाला जाईल. आता उलटे पाहा. पहिली मोजणी भातकापणी आटोपल्यावर मार्गशीर्षात झाली आणि दुसरी फाल्गुनात. कापणी-झोडणीच्या कष्टांनी पाय घट्ट झालेली माणसे मधल्या रिकाम्या काळात ढिली पडतात. व्यायामाने त्यांना आहे तिथे टिकवून धरले असेल, तर आकड्यांत काहीच फरक दिसणार नाही आणि व्यायाम निरुपयोगी ठरेल. दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतील. ऋतूने किती केले आणि व्यायामाने किती केले हे सांगणारी माणसे दुसऱ्या गटात असतात. त्यांच्याशिवाय पहिल्या गटाच्या आकड्यांना अर्थच नाही.

ऋतूखेरीज आणखी कारणे आहेत. खुर्चीवरून उठण्याची चाचणी दुसऱ्यांदा देताना माणसाला ती ठाऊक झालेली असते, म्हणून तो सरावानेच चांगली देतो. गुडघा फार दुखत असतो तेव्हा माणूस अशा कामाला नाव देतो, आणि फार दुखणारा गुडघा पुढच्या काही आठवड्यांत काही न करताही थोडा उतरतो.

चिठ्ठी कशासाठी, ज्याला हवे त्याला व्यायाम का देऊ नये, असेही विचारले जाते. स्वखुशीने व्यायामाला पुढे येणारा माणूस बहुधा मुळातच धडधाकट असतो, घरी स्वयंपाकपाण्याला सून असते, मनाला उभारी असते. मागे राहणारा एकटा असतो किंवा आधी पडून घाबरलेला असतो. अशा दोन गटांची तुलना करून व्यायामाबद्दल काहीच कळत नाही. चिठ्ठीने ही सगळी ज्ञात-अज्ञात कारणे दोन्हीकडे सारखी वाटली जाण्याची शक्यता निर्माण होते. मात्र चिठ्ठी कोण काढते ते विचारा. नाव नोंदवणाऱ्या व्यक्तीला पुढची चिठ्ठी आधी कळता कामा नये. बंद, अपारदर्शक पाकिटे असावीत. आणि शेवटची मोजणी करणाऱ्याला कोण कोणत्या गटात होते हे माहीत नसावे. व्यायाम करणाऱ्यापासून तर गट लपवता येत नाही, निदान घड्याळ धरणाऱ्यापासून तो लपवावा.

एक अडचण मात्र मला खरोखर दिसते. वाडीत दोन शेजारणी दोन गटांत असतील तर एकीचे व्यायाम दुसरी पडवीतून पाहणार आणि आठवडाभरात स्वतः करू लागणार. त्यात कुणाचाही दोष नाही, पण दोन गटांतला फरक पुसला जातो. यावर उपाय म्हणजे माणसांऐवजी वाड्यांच्या चिठ्ठ्या टाकणे. त्याला वाड्या पुष्कळ लागतात आणि एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाला ते झेपेलच असे नाही. तरी तिने याचा विचार केला आहे का हे जरूर विचारावे.

हर्णै_बंदर

माझ्या वडिलांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली आहे. ते अजून बंदरावर जाऊन बसतात, हळू चालतात. आमच्या भागात असा अभ्यास आला तर त्यांना घेतील का?

चिपळूणची_फिजिओ

हर्णै_बंदर, प्रत्येक अभ्यासाचे प्रवेशाचे आणि वगळण्याचे निकष आधीच लिहिलेले असतात. हृदयविकार स्थिर असेल तर काही अभ्यास घेतात, काही घेत नाहीत. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी घ्या आणि निकष पूर्ण होत नसतील तर आजार लपवून नाव देऊ नका. वगळले गेले म्हणजे व्यायाम निषिद्ध झाला असे नाही. त्यांच्यासाठी देखरेखीखालचा हृदय-पुनर्वसनाचा कार्यक्रम वेगळा असतो.

वेंगुर्लेकरीण

वरचे सगळे लक्षपूर्वक वाचले आणि तरीही माझा आक्षेप आहे. तो संशोधनावर आहे, संशोधकांवर नाही.

हे अभ्यास बॉस्टनच्या वृद्धाश्रमातले किंवा अमेरिकेतल्या शहरांतले आहेत. तिथला वृद्ध दिवसभर खुर्चीत असतो, म्हणून त्याला उठवून चालवले की फरक पडतो. माझ्या सासूबाई पहाटे उठून खळे झाडतात, विहिरीचे पाणी काढतात, हंगामात काजूच्या बोंडांतून बिया काढतात, पातेरा गोळा करून आणतात. त्यांना व्यायाम कमी पडतो असे म्हणणे मला पटत नाही. शिवाय त्या खुर्चीवर बसतच नाहीत. पाटावर बसून विळीवर मासे कापतात, जमिनीवर बसून जेवतात, उकिडव्या बसून भांडी घासतात. त्यांना अडते ते जमिनीवरून उठताना, डोक्यावर ओझे घेऊन घाटी उतरताना आणि रात्री अंगणातून न्हाणीघराकडे जाताना. चार मीटर सपाट फरशीवर चालायला त्यांना काही अडचण नाही आणि त्या चाचणीत त्या उत्तम ठरतील, पण पुढच्याच पावसात त्या पडू शकतात. मग ही चाचणी आमच्याबद्दल सांगते तरी काय?

चिपळूणची_फिजिओ

वेंगुर्लेकरीण, आपल्या आक्षेपाच्या अर्ध्या भागाशी मी पूर्णपणे सहमत आहे. आधी उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिते.

कष्ट आणि ताकदीचा व्यायाम यांत फरक आहे. स्नायू बळकट होतो तो त्याला नेहमीपेक्षा थोडे अधिक काम दिल्यावर, आणि ते काम हळूहळू वाढवत नेल्यावर. तीस वर्षे तेच खळे, तेवढीच कळशी असेल तर शरीर त्याला सरावलेले असते. त्या कामाने दम टिकतो, ताकद वाढत नाही. दुसरे असे की वय वाढते तशी माणसे नकळत पळवाटा शोधतात. उठताना हात गुडघ्यावर टेकतात, पायरीवर दोन्ही पाय जोडून मग पुढची पायरी घेतात, भिंतीला बोटे लावून चालतात. काम रोजच्यासारखे पार पडते, पण मांडीचा पुढचा स्नायू, नितंबाचे स्नायू आणि पोटऱ्या दर महिन्याला थोडे कमी काम करतात. बागेत दिवसभर राबणाऱ्या बायकांना खुर्चीवरून हात न टेकता सलग उठायला सांगितले की तिसऱ्या-चौथ्या वेळी मांड्या थरथरताना मी वारंवार पाहते. म्हणून २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने पासष्टीच्या पुढच्यांसाठी आठवड्याच्या १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीशिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम वेगळे सांगितले आहेत.

आता सहमतीबद्दल. चालणे, खुर्ची आणि तोल या तिन्ही चाचण्यांचा संच जॅक गुरालनिक आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली अमेरिकेत मांडला. प्रत्येक भागाला ० ते ४, असे एकूण १२ गुण असतात. पुढे येणाऱ्या परावलंबनाची चाहूल त्यातून चांगली लागते, म्हणून जगभर तो वापरतात. पण जमिनीवर बसणाऱ्या माणसांचे जगणे त्यात येत नाही हे खरेच आहे, आणि ज्यांचे पाय मुळात मजबूत आहेत ती माणसे बाराच्या बारा गुण मिळवून मोकळी होतात. त्यांच्यातली सुधारणा किंवा घसरण त्यात दिसतच नाही.

ब्राझीलमधल्या क्लाउदिओ जिल अराउजो यांनी जमिनीवर बसून उठण्याची चाचणी अभ्यासली आहे. बसायला पाच आणि उठायला पाच गुण. हात किंवा गुडघा टेकला की प्रत्येक वेळी एक गुण कमी. ५१ ते ८० वयाच्या २,००२ लोकांचा काही वर्षे मागोवा घेतल्यावर कमी गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. यावरून जमिनीवरून उठण्याचा सराव केला की आयुष्य वाढते असा अर्थ कृपया काढू नये. तो निरीक्षणाचा अभ्यास होता, आणि आजारी माणसाला उठायला त्रास होतो एवढ्यानेही असा संबंध दिसू शकतो. पण आपल्या माणसांच्या हालचाली मोजायला अशी चाचणी खुर्चीपेक्षा जवळची आहे. खालचीवाडी यांनी विद्यार्थिनीला सुचवावे की जमिनीवरून उठणे आणि पाखाडीच्या ठरावीक पायऱ्या चढणे-उतरणे या दोन मोजण्या दुय्यम म्हणून घ्याव्यात. मात्र ते अभ्यास सुरू होण्याआधी आराखड्यात लिहिलेले हवे. नंतर जे चांगले निघाले ते निवडून दाखवणे योग्य नाही.

देवगडचा_डॉक्टर

फिजिओताईंनी लिहिलेल्यात मला एक भर घालायची आहे, कारण या धाग्यावरून व्यायामाने सर्व काही टळते असा समज होऊ नये. २०२० साली दोन फार मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या 'स्ट्राइड'मध्ये ८६ दवाखान्यांतले ५,४५१ ज्येष्ठ होते. परिचारिकेने प्रत्येकाची जोखीम तपासून औषधे, दृष्टी, पादत्राणे, व्यायाम अशा अनेक बाजूंनी सल्ला दिला. इंग्लंडमधल्या 'प्रीफिट'मध्ये ६३ दवाखान्यांतले ९,८०३ जण होते आणि त्यांच्यातल्या अधिक जोखमीच्या माणसांना व्यायाम किंवा तसाच बहुअंगी उपचार देऊ केला होता. पहिल्यात गंभीर दुखापती आणि दुसऱ्यात हाडमोडी, दोन्ही लक्षणीयरीत्या कमी झाल्या नाहीत. प्रत्यक्ष देखरेखीखाली, नियमित, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम आणि जोखीम तपासून दिलेला सल्ला यांत अंतर पडते, असे मला यावरून वाटते. म्हणून विद्यार्थिनीला विचारा की आठवड्यातून किती सत्रे ती स्वतः किंवा प्रशिक्षित व्यक्ती समोर उभी राहून घेणार आहे. नुसता चित्रांचा कागद हातात देणार असेल, तर अपेक्षाही तेवढीच ठेवावी.

आता तिसरा प्रश्न. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नीतिमार्गदर्शक तत्त्वे अशा अभ्यासांना लागू होतात. महाविद्यालयाच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी हवी. माहितीपत्रक आईंना समजेल अशा मराठीत हवे, आणि ते घरी ठेवायला मिळाले पाहिजे. नाव कधीही, कारण न देता मागे घेता येते आणि त्यामुळे त्यांच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होत नाही, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. संशोधनामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई यांची तरतूद काय आहे, तेही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या अंगठ्याच्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार लागतो.

अभ्यास भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदलेला आहे का ते पाहा. ही नोंदवही २००७ सालापासून चालते, कुणालाही मोफत पाहता येते, आणि पदव्युत्तर प्रबंधांचीही तिथे नोंद होते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला सहभागी घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. त्यात अभ्यासात मुख्यतः काय मोजणार, माणसे किती, तुलना कशाशी, हे आधीच लिहिलेले असते. निवृत्त_शिक्षक ज्या गोष्टी विचारायला सांगतात त्यांपैकी बऱ्याच तिथेच सापडतील.

वाडीच्या बैठकीत ठरले म्हणून किंवा आशाताईंनी सांगितले म्हणून नाव देणे पुरेसे नाही. गावकीची परवानगी संशोधकाला वाडीत येण्यापुरती उपयोगी आहे. संमती प्रत्येक माणसाची वेगळी आणि स्वतःची असते. त्याचप्रमाणे गावकीने नको म्हटले म्हणून एखाद्या आजीची इच्छा मोडली जाऊ नये, असे माझे मत आहे.

निवृत्त_शिक्षक_रत्नागिरी

डॉक्टरांच्या यादीत एका प्रश्नाची भर घालतो: मध्येच सोडून जाणाऱ्यांचे काय करणार? आपल्याकडचे किती तरी एकटे ज्येष्ठ पाऊस लागला की मुलांकडे मुंबईला, ठाण्याला जातात. जी माणसे राहतात ती जास्त काटक असतात. शेवटी उरलेल्यांचेच आकडे मांडले तर चित्र खोटे येईल. जो ज्या गटात चिठ्ठीने गेला त्याला शेवटपर्यंत त्याच गटात धरून हिशेब करायचा, असा नियम आहे. शक्य असेल तर दुसरी मोजणी मुंबईतल्या घरी जाऊन घ्यावी.

आणि निष्कर्ष वाडीला सांगणार का, हेही विचारावे. आमच्या भागात सर्वेक्षणे झाली, माणसांनी वेळ दिला, पुढे काय निघाले ते कुणीही परत येऊन सांगितले नाही. या अनुभवामुळेच वडीलधाऱ्यांच्या मनात "प्रयोग" हा संशय बसला आहे आणि तो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

खालचीवाडी

सर्वांचे मनापासून आभार. इथले प्रश्न लिहून घेऊन काल विद्यार्थिनीशी आणि नंतर तिच्या मार्गदर्शकांशी बोललो. नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे आणि नोंदणी क्रमांक त्यांनी लगेच दिला. नोंदवहीत अभ्यास सापडला. आठवड्यातून तीन सत्रे शाळेच्या पडवीत ती स्वतः घेणार आहे. शेवटची मोजणी महाविद्यालयातली दुसरी विद्यार्थिनी घेईल आणि तिला गट सांगितला जाणार नाही. वाड्यांच्या चिठ्ठ्या टाकणे त्यांना शक्य नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. त्याऐवजी दुसऱ्या गटातल्यांनी मधल्या काळात कोणते व्यायाम केले ते दर आठवड्याला विचारून नोंदणार आहेत. जमिनीवरून उठण्याची मोजणी घेण्याची सूचना त्यांना आवडली, पण त्यासाठी समितीकडे दुरुस्ती पाठवावी लागेल, म्हणून सुरुवात पुढे जाईल. निष्कर्ष वाडीत येऊन सांगण्याचे त्यांनी लेखी दिले तर बरे, असे मी म्हटले आहे.

आईला हे सगळे फोनवर सांगितले. तिचा एकच प्रश्न आहे: दुसऱ्या गटात चिठ्ठी निघाली तर देवळापर्यंत रोज चालत जाणे बंद करावे लागेल का?

चिपळूणची_फिजिओ

अजिबात नाही. दुसऱ्या गटातल्या माणसांनी आपले रोजचे जगणे जसे आहे तसे चालू ठेवायचे असते. देवळात जाणे, परसातली कामे, शेजारी उठबस, सगळे. नवा व्यायामवर्ग त्या बारा आठवड्यांत लावू नये, एवढीच विनंती केली जाते, आणि तीही विनंतीच असते. चालणे थांबवा असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही संशोधकाला नाही.

चिठ्ठी कोणतीही निघो, मोजणीच्या दिवसासाठी काही गोष्टी आईंना सांगून ठेवा. नेहमीच्या वापरातल्या चपला घालाव्यात आणि दोन्ही मोजण्यांना त्याच असाव्यात. साडी घोट्यापर्यंत वर खोचलेली असावी. खुर्ची बिनहातांची, भिंतीला टेकवलेली आणि साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची हवी; प्लास्टिकच्या खुर्च्या वाकतात, त्यांवर ही चाचणी देऊ नये. रक्तदाबाची गोळी घेत असतील तर ती त्या सकाळीही नेहमीच्या वेळी घ्यावी, आणि चक्कर, छातीत दुखणे किंवा धाप जाणवली तर चाचणी अर्ध्यात सोडावी. व्यायामाच्या गटात गेल्या तर पहिल्या दोन आठवड्यांत गुडघे थोडे अधिक दुखू शकतात. ते बहुधा उतरते. पण दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले किंवा गुडघा सुजला, तर विद्यार्थिनीला त्याच दिवशी सांगावे, म्हणजे ती वजन किंवा आवर्तने कमी करील.

देवगडचा_डॉक्टर

आणि आईंची रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची, जी काही औषधे चालू असतील त्यांचा कागद पहिल्या भेटीतच विद्यार्थिनीकडे द्या. झोपेच्या गोळीमुळे सकाळचा तोल बिघडतो, आणि ती गोळी मध्येच सुरू किंवा बंद झाली तर त्याची नोंद अभ्यासातही व्हायला हवी.